एका कर्जाचे तीन आकडे: व्याजाचा हिशोब नेमका कुठे चुकतो?

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

"बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजारात आमची पिठाची गिरणी आहे. नवीन मोटर आणि चक्कीसाठी १० जून २०२४ रोजी सोसायटीतून ८०,००० रुपये कर्ज घेतलं, १४ टक्के सरळव्याजाने. १५ नोव्हेंबरला ३०,००० आणि २० फेब्रुवारी २०२५ ला २५,००० भरले. ३१ मे २०२५ ला खातं बंद केलं तेव्हा सोसायटीने ३३,११२ रुपये घेतले. माझ्या वहीप्रमाणे ३२,६६७ व्हायला हवे होते. दहावीतला मुलगा सूत्र मांडून म्हणतो, ३६,२०० होतात. खरं काय? दुसरं, मी रोज ५० रुपये पिग्मी (दारात येऊन रोज गोळा करतात ती छोटी ठेव) भरते. पासबुकावर ४ टक्के लिहिलंय, म्हणजे वर्षाला ७३० रुपये व्याज हवं. मिळाले ३६६. तिसरं, जाऊबाईंना ६०,००० हवेत. एक जण 'दोन टक्क्यांनी' देतो, एक फायनान्सवाला 'बारा टक्के फ्लॅट' म्हणतो. स्वस्त कोण? चौथं, सासूबाईंना आठ वर्षांत पैसे दुप्पट होणारी ठेव ठेवायची आहे, साडेबारा टक्के पडतात म्हणे. आणि शेवटचं, आमच्या बचत गटात वर्षाच्या मध्यावर दोघी आल्या. त्यांना व्याजाचा वाटा किती द्यायचा?"

उत्तर:

ताई, सोसायटीने फसवलेलं नाही. ३३,११२ बरोबर आहे. तुमच्या पाचही प्रश्नांत सूत्र एकच लागतं आणि ते तुमच्या मुलाला पाठ आहे: मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. घोळ होतो तो सूत्रात आकडे घालताना. व्याज नेमक्या कोणत्या रकमेवर लागतं, ती रक्कम किती दिवस पडून होती, आणि सांगितलेला दर वर्षाचा आहे की महिन्याचा, या तीन गोष्टी पक्क्या केल्याशिवाय कॅल्क्युलेटर हातात घेऊ नये.

आधी मुलाचा हिशोब. त्याने ८०,००० × १४ × १ ÷ १०० केलं, ११,२०० व्याज काढलं, ते ८०,००० मध्ये मिळवून भरलेले ५५,००० वजा केले. शाळेच्या गणितात मुद्दल वर्षभर जागचं हलत नाही, म्हणून तिथे हे चालतं. तुम्ही मात्र नोव्हेंबरातच ३०,००० परत केले होते. परत केलेल्या पैशावर व्याज कसलं? शिवाय १० जून ते ३१ मे हे पूर्ण वर्षही भरत नाही, ३५५ दिवस होतात.

सोसायटीने केलेला हिशोब असा. जितक्या वेळा पैसे भरले तितके टप्पे पाडायचे, आणि प्रत्येक टप्प्याचं व्याज दिवसांवर काढायचं. दिवसांसाठी सूत्रातल्या १०० च्या जागी ३६,५०० येतात (१०० × ३६५).

पहिला टप्पा १० जून ते १५ नोव्हेंबर. जूनचे २०, जुलै ३१, ऑगस्ट ३१, सप्टेंबर ३०, ऑक्टोबर ३१, नोव्हेंबरचे १५, एकूण १५८ दिवस.
८०,००० × १४ × १५८ ÷ ३६,५०० = ४,८४८ रुपये व्याज.
भरलेल्या ३०,००० मधून आधी हे ४,८४८ गेले, उरलेले २५,१५२ मुद्दलात. शिल्लक ५४,८४८.

दुसरा टप्पा २० फेब्रुवारीपर्यंत, ९७ दिवस (१५ + ३१ + ३१ + २०).
५४,८४८ × १४ × ९७ ÷ ३६,५०० = २,०४१.
२५,००० मधले २,०४१ व्याजात, २२,९५९ मुद्दलात. शिल्लक ३१,८८९.

तिसरा टप्पा ३१ मेपर्यंत, बरोबर १०० दिवस (८ + ३१ + ३० + ३१).
३१,८८९ × १४ × १०० ÷ ३६,५०० = १,२२३.
३१,८८९ + १,२२३ = ३३,११२.

तुमच्या वहीत दिवस अचूक आहेत, दर बरोबर आहे. फरक एवढाच की तुम्ही ३०,००० आणि २५,००० पूर्णच्या पूर्ण मुद्दलातून वजा केले आणि व्याज शेवटी एकदम जोडलं. म्हणजे ८०,००० वर १५८ दिवस, ५०,००० वर ९७ दिवस आणि २५,००० वर १०० दिवस. त्याचं व्याज ७,६६७ येतं. सोसायटीच्या रीतीने ८,११२ येतं. ४४५ रुपयांचा फरक इथला आहे. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर भरणा आधी व्याजात आणि उरलेला मुद्दलात हीच बँका-सोसायट्यांची सर्वत्र चालणारी रीत आहे. दंड, नोटीस खर्च असं काही लावलेलं असेल तर ते व्याजाच्याही आधी वळतं करतात. म्हणून पावती घेताना नुसता भरलेला आकडा पाहू नका, त्यातले किती कशात गेले ते पाहा. पावती कन्नडमध्ये असेल तर 'असलु' च्या रकान्यात मुद्दल असतं, 'बड्डी' त व्याज, आणि 'सुस्ती बड्डी' दिसली तर ते थकबाकीवरचं जादा व्याज.

दिवस मोजताना दोन्ही टोकं धरू नयेत. कर्ज घेतलेला दिवस धरला तर फेडलेला सोडायचा, किंवा उलट. बरेच जण दोन्ही धरतात आणि दर टप्प्याला एक दिवस वाढवून ठेवतात. तीन टप्प्यांत तीन दिवसांचं व्याज म्हणजे तुमच्या रकमेवर साठ-पासष्ट रुपये. काही ठिकाणी वर्ष ३६० दिवसांचं धरतात. ८०,००० वर वर्षभराला त्यामुळे १५६ रुपये जास्त पडतात. आणि काही ठिकाणी महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिन्याचं व्याज घेतात, सोनेतारणात हे जास्त दिसतं. यातलं काहीही असलं तरी ते कर्जाच्या अर्जात किंवा नियमावलीत लिहिलेलं असायला हवं. कर्ज घेताना हा एक प्रश्न विचारायचाच: "दिवसावर की महिन्यावर?"

तुमच्या कर्जात झालं नाही, पण तपासायला शिका अशी एक गोष्ट. ३१ मार्चला काही संस्था न भरलेलं व्याज मुद्दलात मिळवतात. त्या क्षणी सरळव्याजाचं चक्रवाढ होतं. पासबुकात ३१ मार्चच्या ओळीला तुम्ही काही न घेता शिल्लक वाढलेली दिसली की समजा. तुमच्यासारखं वर्षाच्या आत फेडणाऱ्याला याने दहा-अकरा रुपयांचा फरक पडतो. पण कर्ज तसंच पडून राहिलं तर? ८०,००० वर १४ टक्क्यांनी पाच वर्षांचं सरळव्याज ५६,००० होतं, आणि दर वर्षी मुद्दलात मिळवत गेलं तर ७४,०३३. अठरा हजारांचा फरक. "कर्ज सरळव्याजाने आहे" हे तोंडी ऐकून घेऊ नये, करारात त्या शब्दाखाली बोट ठेवून दाखवायला सांगावं.

दंडव्याजाचंही एक तपासून घ्यावं. हप्ता चुकला तर जादा व्याज फक्त चुकलेल्या हप्त्यावर की सगळ्या शिलकीवर? ५,००० चा हप्ता ३० दिवस उशिरा आणि २ टक्के जादा, तर ८ रुपये होतात. तेच ५०,००० च्या शिलकीवर लावलं तर ८२. बँका आणि फायनान्स कंपन्यांना तर रिझर्व्ह बँकेने २०२४ पासून दंड व्याजदरात मिसळायला बंदी केली आहे. त्यांना फक्त वेगळं दंडशुल्क लावता येतं आणि त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. पतसंस्था-सोसायट्या या नियमाच्या कक्षेत येत नाहीत, त्यांचे पोटनियम बघावे लागतात.

आता पिग्मी. आपल्याकडे दुकानादुकानांत पिग्मीवाला फिरतो, आणि वर्षाअखेर व्याज बघून निम्म्या गिऱ्हाइकांना वाटतं की मधल्यामध्ये कुणीतरी खाल्लं. तुमच्या ३६६ रुपयांत कुणी काही खाल्लेलं नाही. तुम्ही १८,२५० रुपयांचे ४ टक्के काढून ७३० म्हणता, पण ते १८,२५० रुपये वर्षभर तिथे होते कुठे? पहिल्या दिवसाचे ५० रुपये ३६५ दिवस राहिले, दुसऱ्या दिवसाचे ३६४, आणि शेवटच्या दिवसाचे एकच दिवस. १ पासून ३६५ पर्यंतची बेरीज ३६५ × ३६६ ÷ २ = ६६,७९५. तिला ५० ने गुणून ४ ने गुणा आणि ३६,५०० ने भागा. उत्तर ३६६. रोज किंवा दर महिन्याला सारखी रक्कम टाकायची कुठलीही ठेव असो, व्याज अंदाजे एकूण भरलेल्या रकमेच्या निम्म्यावर मिळतं. आवर्ती ठेवीलाही हेच. महिन्याला १,००० रुपये, वर्षभर, ६ टक्के: १,००० × ७८ × ६ ÷ १,२०० = ३९०. (७८ ही १ ते १२ ची बेरीज. बँका तिमाही चक्रवाढ लावतात, त्यामुळे तिथे थोडे रुपये जास्त येतील.)

पण ताई, तुम्ही न विचारलेली गोष्ट इथे जास्त महत्त्वाची वाटते. ज्या वर्षी तुम्ही १४ टक्क्यांचं कर्ज फेडत होता त्याच वर्षी ४ टक्क्यांची पिग्मी भरत होता. तेच रोजचे ५० रुपये कर्जखात्यात गेले असते तर जवळपास १,२८१ रुपयांचं व्याज वाचलं असतं. पिग्मीने दिले ३६६. म्हणजे नऊशेच्या वर रुपये हातचे गेले. अडीअडचणीला थोडी रक्कम बाजूला हवी हे खरं, आणि पिग्मीवाला दारात येतो म्हणून पैसे साठतात हेही खरं. पण बऱ्याच सोसायट्यांत हाच पिग्मीवाला कर्जखात्याचे पैसेही रोज गोळा करतो. पुढच्या कर्जाला तसं मागून घ्या. मात्र एक विचारून ठेवा: रोजचे पैसे कर्जखात्यात त्याच दिवशी जमा होतात, की महिनाभर पिग्मीत साठवून एकदम वळते होतात? दुसरं असेल तर तेवढे दिवस व्याज चालूच राहतं. आणि पिग्मी मुदतीआधी मोडली तर व्याज मिळत नाही, काही ठिकाणी वर कमिशनही कापतात. नियम पासबुकाच्या मागच्या पानावर असतो, तो कुणी वाचत नाही.

जाऊबाईंच्या ६०,००० बद्दल. गावातला "दोन टक्के" हा महिन्याचा असतो, शेकडा दोन रुपये महिना. वर्षाला २४ टक्के. बँकेचा किंवा सोसायटीचा १४ हा वर्षाचा. "तिकडे चौदा, इकडे फक्त दोन" असं ऐकून फसलेली माणसं काही कमी नाहीत. महिन्याच्या दराला १२ ने गुणल्याशिवाय तुलना करायचीच नाही.

"बारा टक्के फ्लॅट" ची गंमत वेगळी. ६०,००० चे १२ टक्के म्हणजे ७,२००. ते मुद्दलात मिळवून ६७,२०० चे बारा हप्ते, दरमहा ५,६००. ऐकायला साधं. पण पहिल्या हप्त्यापासून मुद्दल परत जायला लागतं आणि व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत मूळच्या ६०,००० वरच. खरोखरचे १२ टक्के, घटत्या शिलकीवर, दरमहा ५,००० मुद्दल फेडत गेलं तर पहिल्या महिन्याला ६०० व्याज, मग ५५०, ५००, असं उतरत शेवटी ५०. एकूण ३,९००. फ्लॅटमध्ये ७,२००. फ्लॅट १२ चा खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. झटपट अंदाजासाठी फ्लॅट दराला हप्त्यांच्या दुपटीने गुणा आणि हप्त्यांपेक्षा एकने मोठ्या आकड्याने भागा: १२ × २४ ÷ १३, म्हणजे २२. उत्तर किंचित जास्त येतं, पण समोरच्याला गप्प करायला पुरतं.

आता तिन्ही एका रांगेत लावू. दरमहा ५,००० मुद्दल फेडत गेलं तर सोसायटीच्या १४ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ४,५५०. फ्लॅटचं ७,२००. "दोन टक्क्यां" चं ७,८००. इथे 'दोन टक्के'वाल्या सावकारापेक्षा फ्लॅट स्वस्त दिसतो, पण थांबा. फायनान्सवाला प्रक्रिया शुल्क कापतो. समजा २ टक्के, म्हणजे १,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी २१६. हातात ५८,५८४ येतात आणि एकूण खर्च ८,६१६ होतो, सावकारापेक्षाही जास्त. सावकाराची दुसरी बाजू अशी की बहुतेक जण थोडं थोडं मुद्दल घ्यायला तयारच नसतात. व्याज महिन्याला द्या, मुद्दल एकरकमी. मग वर्षाचं व्याज थेट १४,४००. काही तर पहिल्या दोन-तीन महिन्यांचं व्याज आधीच कापून घेतात. तीन महिन्यांचे ३,६०० कापले तर हातात ५६,४०० येतात आणि व्याज ६०,००० वर चालू होतं. त्याला दोनच प्रश्न विचारा: "हातात किती देणार?" आणि "मधे पाच-दहा हजार आणून दिले तर त्या दिवसापासून व्याज कमी होईल का?"

कर्नाटकात परवानाधारक सावकाराला तारणावर १४ आणि विनातारण १६ टक्के ही वर्षाची मर्यादा आहे. २४ घेणारा कायद्याच्या बाहेर आहे. जादा व्याज घेण्याला बंदी करणारा राज्याचा २००४ चा कायदाही आहे, आणि सक्तीच्या वसुलीविरुद्ध २०२५ मध्ये वेगळा कायदा आला. वेळ आलीच तर तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा पोलिसांत करता येते. फायनान्स कंपनी असेल तर तिच्याकडून 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना ते किरकोळ कर्जदाराला देणं सक्तीचं आहे, त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर छापावा लागतो. आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचं आहे. जाऊबाईंना मराठीच वाचता येत असेल तर मराठीत मागण्याचा त्यांना हक्क आहे. सही करण्याआधी मागा, नंतर कुणी देत नाही.

माझ्या मते त्यांनी तुमच्याच सोसायटीत जावं, जामीनदार शोधायची दगदग झाली तरी. कर्ज पिकासाठी असेल तर मात्र वेगळी वाट आहे. कर्नाटकात प्राथमिक कृषी पत्तीन संघांमार्फत (म्हणजे गावच्या शेती पतसंस्थांमार्फत) मिळणारं अल्पमुदतीचं पीक कर्ज बिनव्याजी आहे. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात त्याची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाखांवर नेली गेली. अट एकच आणि कडक: मुदतीच्या आत फेडलं तरच व्याज शून्य. तारीख उलटली की सवलत जाते. अशा कर्जाची शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवावी आणि आठवडाभर आधीच पैसे भरावेत. शेवटच्या दिवशी सुट्टी, सर्व्हर बंद, सचिव बेळगावला मीटिंगला, असं काहीही होऊ शकतं.

सासूबाईंची ठेव. आठ वर्षांत दुप्पट म्हणजे १०० ÷ ८ = साडेबारा टक्के, हे सरळव्याजाच्या हिशोबाने खरं आहे. पण बँक जो दर सांगते तो चक्रवाढीचा असतो, त्याच्याशी हा साडेबारा जुळवून बघू नये. चक्रवाढीत आठ वर्षांत दुप्पट व्हायला वर्षाला साधारण ९ टक्के पुरतात. तोंडी अंदाज म्हणजे ७२ भागिले वर्षं. तिमाही चक्रवाढ असेल तर पावणेनऊ. तेव्हा समजा बँकेत सात-साडेसात मिळत असतील, तर सासूबाई जास्तीचे सव्वा ते पावणेदोन टक्के मिळवताहेत, पाच नव्हे. एवढ्यासाठी आठ वर्षं पैसे अडकवायचे का, हा त्यांनी विचारायचा प्रश्न. तीन वर्षांनी दवाखान्यासाठी मोडावी लागली तर कोणता दर मिळेल, तेही ठेवपावतीवर वाचून घ्यावं. मुदतीआधी मोडल्यावर दर बराच खाली येतो.

आणि एक गोष्ट व्याजापेक्षा मोठी. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत माणशी ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्था, सोसायटी, सौहार्द सहकारी संस्था (कर्नाटकाच्या वेगळ्या कायद्याखाली नोंदलेल्या) यांतल्या ठेवीला तो नाही, पाटीवर अक्षरं कितीही मोठी असोत. आपल्या भागात दोन्ही राज्यांत शाखा असलेल्या मल्टिस्टेट संस्थाही आहेत. त्यांच्यावर देखरेख केंद्राच्या निबंधकांची, सौहार्द आणि साध्या सोसायट्यांवर कर्नाटकाच्या सहकार खात्याची. गडबड झाली तर तक्रार कुठे न्यायची हे ठेव ठेवतानाच माहीत असावं. नोंदणी क्रमांक आणि कायद्याचं नाव ठेवपावतीवर असतं. सगळी पुंजी एकाच पावतीत नको, एवढं सासूबाईंना नक्की सांगा.

उरला बचत गट. यात सगळीकडे एकच चूक होते. बाराजणी आहेत, दरमहा १०० रुपये. दहाजणी एप्रिलपासून, दोघी ऑक्टोबरपासून. वर्षाला गटाला कर्जवाटपातून समजा ६,००० रुपये व्याज आलं. "त्या निम्मं वर्ष होत्या, म्हणून निम्मा वाटा" असं गट ठरवतो. हे चूक आहे, पिग्मीत चुकतं त्याच कारणाने. एप्रिलपासून भरणाऱ्या बाईचे पहिले १०० रुपये बारा महिने गटाच्या कामाला आले, दुसरे अकरा महिने, असं करत १ ते १२ ची बेरीज ७८. म्हणजे तिचे ७,८०० रुपये-महिने. ऑक्टोबरपासून भरणारीचे १ ते ६ ची बेरीज २१, म्हणजे २,१०० रुपये-महिने. निम्मे नव्हेत, सव्वाचार आण्यांच्या आसपास.

सगळ्यांची बेरीज करा: १० × ७,८०० + २ × २,१०० = ८२,२००. मग जुन्या प्रत्येकीला ६,००० × ७,८०० ÷ ८२,२०० = ५६९ रुपये, आणि नव्या दोघींना प्रत्येकी ६,००० × २,१०० ÷ ८२,२०० = १५३. एखादीने मधे दोन महिने हप्ता चुकवला असेल किंवा एकदम ३०० भरले असतील तरी अडत नाही. प्रत्येक रक्कम भरल्यापासून वर्षाअखेरपर्यंत किती महिने राहिली ते गुणून मांडत जायचं. वहीत त्यासाठी चार रकाने पुरतात: नाव, महिना, रक्कम, उरलेले महिने गुणिले रक्कम. बँकाही बचत खात्याचं व्याज २०१० पासून याच तत्त्वावर काढतात, फक्त महिन्यांऐवजी रोजच्या शिलकीवर.

नव्या दोघी नाराज होतील, तेव्हा वाटपाच्या आधीच बैठकीत वही उघडून हा हिशोब सगळ्यांसमोर मांडा आणि ठराव लिहून सह्या घ्या. वाटल्यावर वर ४ रुपये उरतील. ते पुढच्या वर्षाच्या शिलकीत ओढा.